काच वगळून

चित्राला चौकट करायला किती खर्च येईल हे सांगण्यासाठी चित्र पाहावे लागत नाही. लांबी, रुंदी आणि ते कशावर काढले आहे एवढे कळले की पुरते. चित्र चांगले की वाईट, कोणी काढले, त्यासाठी किती दिवस घालवले, यातली एकही गोष्ट अंदाजात धरण्याची सोय या धंद्यात नाही. ही उणीव आहे असे मला सुरुवातीला वाटले नव्हते.

लाखांदूरला एसटी स्टँडवरून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला माझे दुकान होते. त्याआधी मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. वडील गेले, दुकान चालवायला कोणी नव्हते, म्हणून परत आलो. दैनिकाला अधूनमधून बातम्या पाठवत राहिलो, त्यामुळे गिऱ्हाइके मला 'पेपरवाले भाऊ' म्हणत. मी सत्तरचे दशक आणि ऐंशीचे बहुतेक दशक त्याच दुकानात काढले.

अंदाज कसा काढतात ते सांगतो. चित्राच्या चारही बाजूंची बेरीज करायची. त्यात पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवायची, कारण चारही कोपरे तिरपे कापावे लागतात आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांचा तुकडा वाया जातो. पट्टी जितकी रुंद तितकी नासाडी जास्त. मग काच. काच ठरावीक मापाच्या तावात येते, गिऱ्हाइकाच्या मापात येत नाही. त्यामुळे उरलेल्या तुकड्याचा भारही त्याच्यावरच पडतो. मग मागचा हार्डबोर्ड, खिळे, कड्या, तार. शेवटी मजुरी. गिऱ्हाइकाला यातली फक्त पट्टी दिसते. म्हणून तो पट्टीकडे बघतो आणि म्हणतो, "एवढ्याशा लाकडाचे एवढे?"

कोंढ्याहून एक माणूस आला होता. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो, दहा बाय बारा. त्याची बायको माहेरी निघून गेली होती आणि परत येणार नव्हती. त्याला फक्त स्वतःची बाजू फ्रेम करून हवी होती. मी अंदाज सांगितला.

"पुरा फोटो असता तं?" त्याने विचारले.

मी तोही सांगितला. दोन्हींत फार फरक नव्हता.

"काहून? अर्धाच तं फोटो हाये!"

मी कागदावर दाखवले. पूर्ण फोटोच्या चार बाजूंची बेरीज चव्वेचाळीस इंच. उभा अर्धा केला तर चौतीस. चित्र निम्मे झाले तरी कडा निम्म्या होत नाहीत. कोपरे तर चारच राहतात.

"म्हंजे बायको गेल्यावरही खर्च तोच," तो म्हणाला आणि फोटो पिशवीत घालून निघून गेला.

दुसरे गिऱ्हाईक दिघोरीचे. मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. त्या काळी मुलीच्या हातचे भरतकाम भिंतीवर फ्रेम करून लावणे आवश्यक समजत: लोकरीचा पोपट, मण्यांचा हंस, 'सुस्वागतम'. आईने अंदाज विचारला, मी सांगितला. ती म्हणाली, "फ्रेम भाड्यानं नाही भेटत का जी? पाहुणे चहा पिऊन जातेतच. दुपारी वापस आनून देतो."

मी नाही म्हणालो. तिने दुकानात तयार असलेल्या एका फ्रेमकडे बोट दाखवले. दुसऱ्याच कोणाच्या मुलीचा मोर होता तो. "मंग हाच द्या एक दिवस. मोर काय, पोपट काय, पाहुन्याईले काय समजते?" मी त्यालाही नाही म्हणालो. लग्न जमले की नाही ते कळले नाही.

अशी माणसे रोजची. त्यांचे काही बिघडले नाही आणि माझेही नाही. ज्याचे बिघडले तो गोविंदा पेंटर.

गोविंदा झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवत असे. धान निघाले की या भागात गावोगाव नाटके होतात आणि प्रत्येक मंडळीला पडदे लागतात: महाल, जंगल, रस्ता, गरिबाचे घर. मांजरपाटाच्या कापडावर सरसात कालवलेला पावडरचा रंग लावायचा. हा रंग स्वस्त, झटपट वाळणारा आणि गुंडाळल्यावर न तडकणारा. त्याचा एक स्वभाव आहे. ओला असताना तो गडद, जवळजवळ काळपट दिसतो आणि वाळला की उजळतो. नवशिक्या माणूस ओला रंग पाहून घाबरतो आणि त्यात पांढरा मिसळतो, मग वाळल्यावर पडदा फिकट पडतो. गोविंदा कधी घाबरला नाही. ओल्या काळपट रंगात त्याला वाळलेला रंग दिसे. त्याचे सगळे कसब या एका गोष्टीत होते. त्याचा घात पुढे याच गोष्टीने केला.

पावसाळ्यात पडद्यांचे काम नसते. अशा एका पावसाळ्यात त्याने उरलेल्या कापडावर स्वतःसाठी चित्र काढले, सहा फूट बाय चार फूट. भर दुपारची रोवणी, म्हणजे धानाची लावणी. बांध्यांत गुडघाभर पाणी, त्यात ढगांच्या मधले निळे आभाळ, ओळीने वाकलेल्या बाया, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या, बांधाच्या धुऱ्यावर बसलेले बगळे. उन्हामुळे बायांच्या सावल्या त्यांच्या पायांखालीच पडल्या होत्या. बातमीत मी कधी विशेषणे लिहिली नाहीत, इथेही लिहीत नाही. एवढेच सांगतो की ते पाहताना डोळे बारीक करावेसे वाटत.

तो चित्र गुंडाळून बसने दुकानात घेऊन आला आणि त्याने ते माझ्या टेबलावर पसरले.

"कसं हाये जी, भाऊ?"

"कोणासाठी काढलं?"

"कोनासाठी नाही. माह्ये पडदे लोक रातीच पाहतेत. पेट्रोमॅक्सच्या उजेडात. समोर नट उभा, मांगं माह्या महाल. सकाळी गुंडाळून बैलबंडीत. दिवसा पाहिलं असं माह्यं एकबी काम नाही. हे एक दिवसा दिसावं, असं वाटते."

त्याच्या गावच्या सहकारी सोसायटीने धानाच्या गोदामाशेजारी सभागृह बांधले होते. गावाचे नाव देत नाही. सोसायटीच्या अध्यक्षांनी चित्र पाहिले होते आणि समोरच्या भिंतीवर लावू म्हणून सांगितले होते. त्या भिंतीसमोर मोठ्या खिडक्या होत्या, सकाळपासून उजेड येई. गोविंदा चित्राचे पैसे घेणार नव्हता. सोसायटीने फक्त चौकट करून द्यायची होती. उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठरले होते.

मी अंदाज काढला. कापड लाकडी सांगाड्यावर ताणायचे, भोवती सागवानी पट्टी, पुढे काच. काच चित्राला टेकू द्यायची नाही, मध्ये बारीक पट्टी घालून अंतर ठेवायचे, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो. सहा बाय चारची अखंड काच नागपूरहून आणावी लागणार होती. एवढी काच त्या रस्त्यांवरून ट्रकने आणताना फुटते, म्हणून तिच्या किमतीत फुटणाऱ्या काचेचाही थोडा वाटा धरतात. एकूण अंदाजात अर्ध्याहून जास्त रक्कम एकट्या काचेची झाली.

सोसायटीच्या बैठकीला मला आणि चित्रासह गोविंदाला बोलावले. अध्यक्ष धानाचे व्यापारी, हिशेबाला पक्के. त्यांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"पेपरवाले, हे फोटोची काच सांगून राहिले का मोटारीची?"

"अखंड काच आहे. त्या मापाची."

"दोन तुकडे लावा ना मंग," एक संचालक म्हणाले.

"लावता येतील. मधोमध उभी पट्टी येईल."

"खिडकी दिसन ते!" अध्यक्ष म्हणाले. "सभागृहाले आधीच सहा खिडक्या हायेत आमच्या. सातवी पैसे देऊन कायले घ्यावं?"

सगळे हसले. गोविंदाही हसला. त्याला हसणे भाग होते.

"बिनकाचेचं टांगलं तं?" सचिवांनी विचारले.

अध्यक्ष उठले आणि चित्रातल्या बांधीवरून त्यांनी बोट फिरवले. बोट हिरवे झाले. त्यांनी ते सगळ्यांना दाखवले. "हे पाहा. इथं लगन होतीन, सभा होतीन. पोट्टे हात लावतीन, बाया पाठ टेकवतीन. एका हंगामात आर्धी रोवणी लोकांच्या कपड्याले लागून घरी जाईन." त्यांनी बोट रुमालाला पुसले. "त्याच्यापेक्षा वार्निस मारा. कॅलेंडरच्या फोटोले मारते का नाही? गनपतीले मारते का नाही? धुतलं तरी जात नाही."

मी सांगितले की कॅलेंडर छापील असते आणि वार्निशच्या आधी त्याच्यावर खळीचा हात देतात, म्हणून वार्निश वर राहते. या रंगात सरस कमी आणि खाली उघडे कापड. इथे वार्निश वर राहणार नाही, आत शिरेल आणि रंग गडद होईल. खळीचा हात इथे देता येणार नाही, पाणी लागताच रंगच सुटेल.

"तुमाले काच विकायची हाये म्हनून सांगून राहिले," अध्यक्ष म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत. व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याला सांगतो तसे म्हणाले. मग माझ्या अंदाजाच्या कागदावर काचेच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिले, 'काच वगळून मंजूर'. "वार्निस होत असन तं टांगू. नाही तं राहू द्या. भिंतीले कॅलेंडर लावू."

गोविंदा लगेच म्हणाला, "होईन जी, अध्यक्ष साहेब. मी मारतो वार्निस."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो की दुकानात ये, आधी तुकड्यावर करून पाहू. तो आला. सांगाड्यावर ताणताना कडेचे कापड कापले जाणार होते, त्यातला आभाळ आणि धान दोन्ही असलेला तुकडा मी घेतला आणि वार्निशचा हात दिला. आभाळ पाटीच्या रंगाचे झाले. धान शेवाळासारखे.

"पाहा," मी म्हणालो.

"हे तं होतेच," तो म्हणाला. "ओलं हाये ना."

"हे पाणी नाही गोविंदा. पाणी उडून जाते. वार्निश आतच राहते. वाळले तरी असेच दिसेल."

"भाऊ, जिनगी गेली माह्यी रंगात. ओला असला का काळाच दिसते. वाळला का उठते. तुमी चौकटी करता, तं चौकटीचं तुमाले समजते. रंगाचं मले समजू द्या ना जी."

तुकडा वाळू द्यायचा आणि मग ठरवायचे, असे मी सुचवले. त्याने मान्य केले. परंतु हवेत ओल होती. झड लागली होती. उद्घाटनाची तारीख जवळ येत गेली आणि तुकडा चिकटच राहिला. गोविंदा येई, बोट लावून पाही आणि मला दाखवी. "चिकटते का नाही? मंग वाळलं कुठं? वाळल्याबिगर कसं म्हनता का उठत नाही?"

मी सांगत होतो ते मी इतरांकडून ऐकले होते. तो सांगत होता ते त्याने आयुष्यभर डोळ्यांनी पाहिले होते.

मी काचेशिवाय चौकट करून दिली. वार्निश मात्र लावून दिले नाही. चित्र बैलबंडीतून सभागृहात गेले, भिंतीवर चढले आणि गोविंदाने शिडीवर उभे राहून त्याला दोन हात वार्निश दिले. दुसरा हात सोसायटीच्या सचिवांच्या सांगण्यावरून. डबा उरला होता.

उद्घाटनाला मी बातमीदार म्हणून गेलो. त्या दिवशी पाऊस नव्हता, खिडक्यांतून भरपूर ऊन येत होते. समोरच्या भिंतीवर सहा फूट बाय चार फूट अंधार होता. बाया दिसत होत्या, वाकलेल्या, पण चेहरे नव्हते. पाणी काळे. बगळे तेवढे राखाडी, कारण पांढऱ्या रंगाचा थर जाड होता.

पाहुणे भंडाऱ्याहून आलेले अधिकारी होते, सुशिक्षित आणि सौजन्यशील. भाषणाच्या सुरुवातीलाच त्यांनी चित्राकडे हात केला. "चांदण्यातली रोवणी! दिवसाची तर कोणीही दाखवील. शेतकऱ्याचे श्रम रात्रीही थांबत नाहीत, ही कल्पना चित्रकाराला सुचली, त्याचे मी अभिनंदन करतो."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी गोविंदाला पुढे बोलावून हार घातला. "आमच्याच गावचा हाये, साहेब. त्याचीच कल्पना."

मागे बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "राती कोन रोवणी करते वं, बाई? साप चावन ना!" दोघी हसल्या. कोणीतरी त्यांना गप्प केले.

हार घातलेला गोविंदा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचे बोट चिकट होते. तो हळू आवाजात म्हणाला, "वाळलं नाही अजून. वाळलं का दुपार होईन."

मी बातमी पाठवली. शेवटच्या ओळीत लिहिले की मूळ चित्र भर दुपारचे असून वार्निशमुळे ते गडद झाले आहे. दैनिकात जागा कमी पडली की बातमी शेवटून कापतात. मीही तसेच करत असे. छापून आलेल्या बातमीत 'चांदण्यातील रोवणी' एवढेच राहिले. सोसायटीने चित्राखाली त्याच नावाची पाटी लावली.

वार्निश दिवाळीच्या सुमारास वाळले. दुपार झाली नाही.

गोविंदाने पुन्हा चित्र काढले नाही. पडदे रंगवत राहिला. गंमत अशी की त्याचे नाव झाले. बातमी नाटकमंडळींनी वाचली होती, काहींनी सभागृहात जाऊन चित्र पाहिले होते. 'चांदण्यावाला पेंटर' म्हणून दूरदूरची माणसे त्याच्याकडे येऊ लागली. त्यांना रात्रीचे पडदे हवे असत: रात्रीचे जंगल, रात्रीचा घाट, चंद्र. तो काढून देई. बाजारच्या दिवशी दुकानासमोरून जाई, "राम राम, भाऊ" म्हणे आणि थांबत नसे. त्या चित्राविषयी तो बोलला नाही. मीही विषय काढला नाही. आपले बरोबर होते हे त्याला ऐकवायला जाणे मला जमण्यासारखे नव्हते.

ऐंशीचे दशक संपत आले होते. सोसायटीचे अध्यक्ष बदलले होते, जुने वारले होते. एके दिवशी सोसायटीची दोन माणसे टेम्पोतून तीच चौकट घेऊन आली. सभागृहाला नवा रंग दिला होता. त्या भिंतीवर आता एका पुढाऱ्याचा छापील फोटो लावायचा होता, तेवढ्याच मापाचा. चौकट सागवानी होती, चांगल्या स्थितीत होती, ती वाया कशाला घालवायची?

"आतलं काहाडून टाका अन् फोटो बसवा," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "अन् काच पायजे. बिनकाचेचा फोटो खराब होते. काच भारी लावा."

आतले कापड हवे का, असे मी विचारले. "ते काळं? कायले? कायबी दिसत नाही त्याच्यात."

मी त्यांना उद्या यायला सांगितले आणि मागचे खिळे काढले. पट्टीच्या आतल्या बाजूला चित्र बसण्यासाठी खाच असते. चित्राची पाव इंचाची कड त्या खाचेत झाकलेली राहते. गोविंदाने वार्निश चौकट चढवल्यानंतर, भिंतीवरच दिले होते. खाचेत ते पोचले नव्हते. चौकट सुटली तेव्हा काळ्या कापडाच्या चारही बाजूंनी मूळ रंगाची एक बारीक पट्टी निघाली. वर निळी. बाजूंना निळी, मग हिरवी. खाली पाण्याची, आभाळ पडलेली. दुपारची.

गोविंदाच्या गावाकडे जाणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो आला. त्याचे केस पिकले होते आणि डोळ्यांना कमी दिसू लागले होते. सोसायटीची माणसे आधीच येऊन बसली होती. सांगाडा टेबलावर ठेवला होता तो मी त्याच्याकडे वळवला.

तो वाकला. चेहरा अगदी जवळ नेऊन त्याने एक बाजू पाहिली, मग सांगाडा फिरवून दुसरी, तिसरी, चौथी.

"दुपारच होती," तो म्हणाला.

"दुपारच होती."

"सगळे चांदनं, चांदनं म्हनत जी. हार घातला. मले वाटाले लागलं होतं का मीच रात काढली. रंग कालवतानाच माह्यं काही चुकलं, मंग दोष वार्निसले देऊन राहिलो." तो अजून वाकलेलाच होता. "त्याच्याच्यानं मंग काढलं नाही काही."

"काय पाहून राहिला हा बुढा?" सोसायटीच्या माणसाने मला विचारले.

"चित्र त्याचे आहे," मी म्हणालो.

"हो का? चांदण्यावाला!" त्याने आदराने मान हलवली. "नाव आयकलं हाये."

गोविंदाने त्या पट्टीवरून, धानाच्या जागी, बोट फिरवले. रंग इतक्या वर्षांनीही सुटा होता. बोट हिरवे झाले. तो दुकानाच्या दाराशी गेला, ऊन पायरीपर्यंत आले होते. तिथे त्याने बोट उन्हात धरले आणि पाहत उभा राहिला.

सोसायटीच्या माणसाने काचेची किंमत विचारली. मी सांगितली. त्याने घासाघीस केली नाही.